टोरोंटोचं विलीनीकरण: पेन्शन शहराच्या फंडात की प्रांताच्या?

१ जानेवारी १९९८ला टोरोंटो, स्कारबरो, नॉर्थ यॉर्क वगैरे सहा पालिका एक झाल्या आणि अग्निशमन दलंही एकत्र आली. ज्या जवानांची पेन्शन ‘ओमर्स’मध्ये, म्हणजे ऑन्टारिओ प्रांताच्या, पालिका कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६२पासूनच्या सामाईक योजनेत होती, त्यांच्यासाठी फक्त मालक बदलला. जमा सेवा, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी नोकरीची वर्षं, जिथल्या तिथे.

जुन्या टोरोंटो शहराच्या अग्निशमन दलाचा स्वतंत्र फंड मात्र वेगळंच प्रकरण. नव्या भरतीला तो केव्हाच बंद झालेला. त्यात तूट आली तर भरायची होती नव्या महापालिकेने, म्हणजे स्कारबरोच्या करदात्यानेसुद्धा, ज्याच्या घराची आग त्या निवृत्तांनी बहुधा कधी विझवली नसेल! स्थानिक फंडाचे विश्वस्त ओळखीचे असतात, हे मान्य. तरी विलीनीकरण दारात असेल तर मी प्रांताचीच योजना निवडेन.