ओपन फाइल हातातून गेली आणि ७१,५०० रुपये बुडाले

दिवाळीच्या फराळाच्या सहा खोक्यांचे डिझाइन मी ८५,००० रुपयांना ठरवले होते. हातात पडले १३,५००. उरलेले ७१,५०० रुपये मुंबईतल्या एका माणसाने पद्धतशीरपणे बुडवले, आणि त्याची खोकी मात्र दुकानांत विकली गेली. पैशांची अडचण आली म्हणून त्याने बिल थकवले असते, तर मी हे लिहायला बसले नसते. ऐनवेळी रंग बदलायला लावणारे, ‘पुढचे काम मोठे आहे, या वेळी सांभाळून घ्या’ असे म्हणणारे क्लायंट या धंद्यात सगळ्यांनाच भेटतात आणि त्यांच्याशी कसे वागायचे हे आपण शिकतो. हा प्रकार वेगळा आहे.

हा माणूस एका जुन्या क्लायंटच्या ओळखीतून आला. अंधेरीला ऑफिस, बिल एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावाने करायचे. मी नेहमीप्रमाणे कोटेशन ई-मेलने पाठवले आणि पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत डिझाइनचे सर्व हक्क माझ्याकडे राहतील, असे त्यात स्पष्ट लिहिले. त्याने ते मान्य असल्याचे उत्तरही दिले. अ‍ॅडव्हान्स १५,००० ठरला होता, त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, वजा होऊन १३,५०० आले. फराळाचे फोटो काढून घेण्याचे १२,००० रुपये मी त्यातूनच फोटोग्राफरला दिले, म्हणजे माझ्या स्वतःच्या कामाचे मला मिळाले १,५०० रुपये. कापलेला टीडीएस माझ्या २६एएस विवरणात, म्हणजे माझ्या नावे भरलेल्या कराच्या आयकर खात्याकडील नोंदीत, आजही दिसत नाही. टीडीएस कापणाऱ्या प्रत्येक क्लायंटच्या बाबतीत तिमाही संपली की हे विवरण उघडून पाहत जा.

मला ज्या क्षणाचा आजही संताप येतो, तो खोक्याच्या मागच्या बाजूचा मजकूर आला तेव्हाचा. घटक पदार्थ, निव्वळ वजन, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, हे सगळे कायद्याने छापावेच लागते, तसेच उत्पादकाचे नाव आणि पत्ताही. त्या मजकुरात उत्पादक म्हणून भलत्याच फर्मचे नाव होते. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक त्याने दिलाच नव्हता, म्हणून मी तिथे चौदा शून्ये टाकून जागा धरून ठेवली. मी विचारले, तेव्हा ‘ती आमचीच सिस्टर कन्सर्न आहे’ असे उत्तर मिळाले. माल बनवणारी कंपनी एक आणि विकणारी दुसरी, हे खाद्यपदार्थांच्या धंद्यात रोजचेच आहे. माझ्या जागी कोणताही अनुभवी डिझायनर असता तरी त्याला त्यात खटकण्यासारखे काही दिसले नसते. पण जिच्यासाठी मी काम करत होते ती फर्म वेगळी आणि जिच्या नावाने बिल फाडले ती कंपनी वेगळी, ही सगळी मांडणी माझ्याच हातांनी त्या खोक्यावर टाइप होत होती. छापले जाणारे नाव आणि बिलावरचे नाव जुळत नसेल, तर दोघांकडूनही लेखी ऑर्डर घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका.

मग शनिवारची संध्याकाळ. लोअर परळच्या छापखान्यात सोमवारी सकाळी प्लेट लागणार, डायलाइनमध्ये, म्हणजे खोके कापण्या-दुमडण्याच्या रेषांत, दोन मिलिमीटरचा फरक आहे, तो प्रेसवालाच दुरुस्त करील, तेव्हा पीडीएफ नको, ओपन फाइल (हवे ते बदल करता येणारी मूळ फाइल) पाठवा, असा फोनवर फोन सुरू झाला. सोबत ७०,००० रुपयांच्या एनईएफटीचा स्क्रीनशॉट आला. शनिवार-रविवार बँक बंद, सोमवारी जमा होईल, असे त्याने सांगितले. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते. त्या स्क्रीनशॉटमध्ये यूटीआर, म्हणजे बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक नव्हता, वरचा भाग कापलेला होता. दिवाळीचा माल प्रेसवर अडकवून ठेवण्याचे पाप माझ्या माथी मारले जात असताना मी शब्दावर विश्वास ठेवला आणि फाइल पाठवली. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. रक्कम आपल्या खात्यात दिसेपर्यंत वॉटरमार्क असलेल्या कमी रेझोल्यूशनच्या जेपीजीपलीकडे काहीही देऊ नका, समोरचा कितीही रडो.

सोमवारपासून फोन बंद. काही आठवड्यांनी विलेपार्ल्याच्या एका दुकानात मला चकलीचे खोके दिसले. चकलीचे वेढे मी हाताने काढले होते, अक्षरे मी स्वतः घडवली होती, आणि माझ्या चौदा शून्यांच्या जागी खराखुरा परवाना क्रमांक छापलेला होता. उत्पादक फर्म म्हणते, आम्ही डिझाइनचे पैसे त्या कंपनीला दिले, तुम्हाला ओळखत नाही. मी ३,५०० रुपये भरून वकिलांमार्फत नोटीस पाठवली. कंपनीचे उत्तर आले की काम असमाधानकारक असल्याने नाकारण्यात आले.

पोलीस ठाण्यात माझे ऐकून घेण्याआधीच ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे सांगण्यात आले. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ खालील कॉपीराइटभंगाचा गुन्हा दखलपात्र (पोलिसांनी स्वतः नोंदवून तपास करण्याजोगा) आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्या निकालाची प्रत मी टेबलावर ठेवली, ती उलटूनसुद्धा पाहिली गेली नाही. ‘मॅडम, चित्रच काढले आहे ना, दुसरे काढा’ असे मला तिथे ऐकावे लागले. माझ्या घरातून ७१,५०० रुपयांचा दागिना गेला असता, तर दुसरा घडवा असे कोणी म्हटले असते का? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर विचारणा झाली की तुमच्या खात्यातून किती रक्कम गेली. माझ्या खात्यातून काही गेले नव्हते, जे यायला हवे होते ते आले नव्हते, आणि त्यासाठी त्यांच्याकडे रकानाच नव्हता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे मी वरिष्ठांकडे लेखी अर्ज केला, तर तो अर्ज चौकशीसाठी त्याच ठाण्यात आणि त्याच अधिकाऱ्याकडे परत आला. ज्याने नाकारले त्यानेच आपल्या नकाराची चौकशी करायची, ही व्यवस्था कोणासाठी आहे हे मला कोणी सांगत नाही.

सूक्ष्म आणि लघू उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत बिल चुकते करण्याची सक्ती आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. त्यासाठी लागणारी माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, या कामानंतरची असल्याने या बिलासाठी तिचा आधार मिळणे कठीण आहे, असे वकिलांचे म्हणणे आहे. ही नोंदणी विनामूल्य आहे, घरबसल्या होते, आणि एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरलाही करता येते. तरी बिल मंजूर करणारे किंवा कर घेणारे कोणतेही खाते हे आपल्याला सांगत नाही. आजच करून घ्या.

दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि मी दावा लावणार आहे. हाच माणूस आता राखीच्या पाकिटांसाठी नव्या नावाने डिझायनर शोधतो आहे, असे मला दोघांकडून कळले. एकाच्या तक्रारीला पोलीस दिवाणी म्हणून वाटेला लावतात. याच पद्धतीने फाइल देऊन बसलेल्यांनी आपापली ई-मेल, बिले आणि तो कापलेला स्क्रीनशॉट जपून ठेवून लेखी तक्रार द्यावी आणि तिची शिक्क्यानिशी पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये.