पाच डॉलरचा सर्व्हर आणि पहाटेचे साडेपाच : अकरा महिन्यांनंतर

"साहेब, पावती येईना. माणसं किटल्या घेऊन रांगेत हुबी हाईत." पहाटे पाच अडतीसला दूध संस्थेच्या सेक्रेटरींचा हा फोन आला. आला नसता तर या भाड्याच्या सर्व्हरबद्दल मी दोन ओळी लिहून मोकळा झालो असतो : स्वस्त आहे, मस्त आहे, डोळे झाकून घ्या.

कंपनीचं नाव घेत नाही. त्यांच्याकडचं तक्रारीचं तिकीट अजून उघडं आहे, आणि अर्धा गुन्हा माझाच निघाला. प्लॅन नेहमीचाच : एक व्हीसीपीयू (प्रोसेसरचा भाड्याचा वाटा), 1 जीबी रॅम, 25 जीबी एसएसडी, मुंबईतलं डेटा सेंटर, महिना 5 डॉलर आणि वर 18 टक्के जीएसटी. त्यावर उबुंटू (लिनक्सच), एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी (प्रोग्रामची भाषा), मायएसक्यूएल (डेटाबेस). कोल्हापूरकडच्या दोन दूध संस्थांचं संकलन त्यावर चालतं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ), पावती, आणि दर दहा दिवसांनी बिल. सकाळी साडेपाचपासून दोन तास, संध्याकाळी दोन तास. बाकी दिवसभर सर्व्हर झोपा काढतो.

पहिले पाच महिने तक्रारीला जागा नव्हती. मग सकाळची पावती रेंगाळायला लागली. आधी पाच सेकंद, मग दहा, मग वीस. गंमत म्हणजे संध्याकाळी तेवढीच गर्दी, तीच माणसं, पण पावती झटक्यात.

टॉप, म्हणजे सर्व्हरवर काय चाललंय ते दाखवणारा प्रोग्राम, उघडून बसलो. त्यात शेवटी एसटी नावाचा आकडा असतो. लाल डब्याशी त्याचा संबंध नाही. तो 'स्टील', म्हणजे चोरी. आपल्या मशीनला सीपीयू हवा होता, पण खालच्या हायपरवायझरने (एका यंत्रावर अनेक भाडेकरूंचे सर्व्हर चालवणाऱ्या प्रोग्रामने) तो दुसऱ्या भाडेकरूला दिला, त्या ताटकळण्याची टक्केवारी. पहाटे साडेपाचला माझा एसटी 18. दुपारी 0. संध्याकाळी 1. झालं, चोर सापडला! मी नऊ दिवसांत अकरा स्क्रीनशॉट तिकिटात चिकटवले. पहिलं उत्तर : रीस्टार्ट करून पाहा. दुसरं : मोठा प्लॅन घ्या. तिसरं : आपला प्लॅन सामायिक सीपीयूचा आहे. म्हणजे चाळीत राहता तर नळाला पाणी कमी येणारच, असं सभ्य इंग्रजीत. मी चिडलो. बायको म्हणाली, दहा डॉलरचा घे आणि झोप. पण दुप्पट पैसे मोजायचे ते दुसऱ्याने चोरलेल्या सीपीयूसाठी? अजिबात नाही.

फोन आला त्या दिवशी एसएसएच (सर्व्हरमध्ये दुरून शिरायची वाट) लागतच नव्हतं. इथे कंपनीला पूर्ण गुण : ब्राउझरमधला कन्सोल (एसएसएचशिवाय थेट सर्व्हरचा पडदा) पहिल्या फटक्यात उघडला. (याच कन्सोलने मला आधीही एकदा वाचवलं होतं. एसएसएचला परवानगी न देताच मी फायरवॉल चालू केली होती. स्वतःला घराबाहेर ठेवून कडी लावणं म्हणतात ते हेच. कोणताही सर्व्हर घेण्याआधी त्याचा कन्सोल चालतो का ते बघा, बाकी वेग-बिग नंतर.) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं : मेमरी संपली, मायएसक्यूएलला मारलं. मेमरी संपली की लिनक्स साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याचा बळी देतं, आणि माझ्याकडे तो डेटाबेसच. सिस्टमडी (सेवा चालू ठेवणारा लिनक्सचा भाग) त्याला उठवायचं, दोन मिनिटांत तो पुन्हा मरायचा. स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) शून्य. या प्लॅनच्या इमेजमध्ये स्वॅप येतच नाही, आणि मी कधी पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाच पंचवीसलाच बसलो. साडेपाच वाजले आणि मायएसक्यूएलच्या प्रोसेसलिस्टमध्ये (चालू कामांच्या यादीत) पावत्यांच्या ओळी एकाखाली एक साचायला लागल्या, सगळ्या टेबलच्या लॉकसाठी थांबलेल्या. आणि लॉक धरून कोण बसलं होतं? बॅकअपचा युझर. माझाच.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) मी शून्य मिनिट शून्य तास लिहिलं होतं. मध्यरात्र, सगळं गाव झोपलेलं, बॅकअपला उत्तम वेळ. डेटा सेंटर मुंबईत म्हणजे घड्याळही मुंबईचं, असं मी धरून चाललो होतो. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होता. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, नेमकी पहिली किटली काट्यावर चढते ती वेळ.

पुढची साखळी ओळखीची असेल. माझा बॅकअप मायएसक्यूएलडंप हा प्रोग्राम काढतो. 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय न देता चालवला की तो टेबलं लॉक करतो. वाचता येतं, लिहिता येत नाही. सुरुवातीला डेटा इवलासा, लॉक दोन सेकंदांचा, कुणाला कळलंही नाही. मग सभासदांचे फोटो आले. ते मी डेटाबेसमध्येच ठेवले होते, हसू नका. डंप चार मिनिटांवर गेला. तोवर प्रत्येक पावती एक पीएचपी प्रोसेस अडवून उभी. पीएचपी-एफपीएममध्ये (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या भागात) पाच प्रोसेसची मर्यादा होती, ती मीच कधीतरी उत्साहात वीस केली होती. वीस प्रोसेस, वर मायएसक्यूएल, वर बॅकअप फाइल दाबून लहान करणारा जीझिप, आणि रॅम 1 जीबी.

म्हणजे चार महिने ज्याला चोर म्हणत होतो तो बराचसा मीच. तिकिटात हे कबूल करायला दोन दिवस गेले. तरी कंपनीला मोकळं सोडत नाही. सगळी दुरुस्ती झाल्यावरही साडेपाचला एसटी 7-8 वर जातो आणि पावणेसहाला उतरतो. माझा अंदाज, शेजारच्या भाडेकरूंनीही तेच शून्य-शून्य लिहून ठेवलंय.

दुरुस्ती संध्याकाळच्या संकलनाआधी तासाभरात झाली, फुकटात. 2 जीबीची स्वॅपफाइल केली. ती एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) लिहायला विसरू नका, नाहीतर पुढच्या रीबूटला गायब. पीएचपीच्या प्रोसेस सहावर आणल्या. मायएसक्यूएलचा परफॉर्मन्स स्कीमा (स्वतःच्या कामगिरीच्या नोंदी ठेवणारा भाग) बंद केला, बरीच मेमरी सुटली. डंपला सिंगल ट्रान्झॅक्शन लावलं. टेबलं इनोडीबी या साठवण प्रकारातली असतील तर एवढ्याने लॉक सुटतो. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवरच ठेवलं आणि क्रॉन 20:10 वर नेला, म्हणजे आपले रात्रीचे एक चाळीस. घड्याळच बदलणार असाल तर नंतर क्रॉन रीस्टार्ट करा, तो जुनीच वेळ धरून बसतो. आणि आठवड्याचा वार देणार असाल तर सांभाळा, यूटीसीचा रविवार 20:10 म्हणजे इथे सोमवार उजाडलेला.

या गडबडीत दिसलेली गोष्ट मात्र अजून पोटात गोळा आणते. ज्या दिवशी डेटाबेस मेला त्या दिवशीची बॅकअप फाइल अर्धवट होती, आणि माझी स्क्रिप्ट 'यशस्वी' म्हणत होती. डंपमधून निघालेलं सगळं पाइपने थेट जीझिपला दिलेलं. शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) यश-अपयशाचा निकाल साखळीतल्या शेवटच्याचा धरतं, आणि जीझिप बिचारा मिळालं तेवढं दाबून आनंदात. आता स्क्रिप्ट बॅश या शेलमध्ये आहे, पाइपफेल (साखळीतलं एकही काम फसलं तर अपयश धरणारा पर्याय) चालू आहे, आणि फाइलची शेवटची ओळ 'डंप कम्प्लीटेड' आहे की नाही ते तपासलं जातं. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीचा 31 जानेवारी 2017 चा प्रकार तेव्हा वाचून मी हसलो होतो. चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली, बॅकअपचे पाच प्रकार आणि वेळेला एकही धड नाही, शेवटी सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीने) वाचवलं. आता महिन्यातून एका रविवारी कालचा बॅकअप लॅपटॉपवर चढवतो आणि दोन सभासदांची बिलं जुळवून बघतो.

कंपनीवरचा खरा राग बिलाचा. चाचणीसाठी घेतलेला दुसरा सर्व्हर मी 'पॉवर ऑफ' करून ठेवला. तीन महिने त्याचे पूर्ण पैसे गेले. बंद मशीनचंही डिस्क आणि आयपी पत्ता तुमच्या नावावर राखलेलं असतं म्हणे, आणि बऱ्याच कंपन्यांचं असंच आहे. मान्य. पण बंद करायच्या बटणाशेजारी एक ओळ लिहायला काय जातं? आता स्नॅपशॉट घेऊन सर्व्हर पुरता उडवतो. स्नॅपशॉटला जीबीमागे पैसे पडतात, पण किरकोळ. आणखी एक : रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (आपोआप पैसे कापायच्या परवानगीच्या) नियमांमुळे माझ्या कार्डावरून आपोआप पैसे जात नाहीत, हाताने भरावे लागतात. एकदा विसरलो, थेट निलंबनाचं मेल. तेव्हापासून सहा महिन्यांचे आगाऊ भरून ठेवतो.

मोठा प्लॅन अजून घेतलेला नाही. पावती दोन सेकंदांत येते. पाच पंचवीसची जाग मात्र काही जात नाही. आजही उठलो, चहा ठेवला, टॉप उघडलं. एसटी 6. सेक्रेटरींचा फोन आलाच, पण कागदाचा रोल संपला म्हणून.