घरात उडणारा ड्रोन : पहिल्या खरेदीचे परीक्षण

गेल्या वर्षी पाऊस लागायच्या तोंडावर मी फोंड्याच्या घरी पहिला एफपीव्ही (ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचे चित्र गॉगलमध्ये पाहत उडवण्याचा) संच मागवला. तळहाताएवढा ड्रोन, रिमोट, गॉगल आणि दोन बॅटऱ्या एकाच खोक्यात मिळत असल्यामुळे निवड करण्याची कटकट वाचली, असे तेव्हा वाटले होते. आज त्यातला फक्त गॉगल वापरात आहे. संचाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच धाटणीचे संच अनेक आहेत आणि दोष एका खोक्याचा नसून खरेदीच्या क्रमाचा आहे. नवशिक्याचे सगळे लक्ष ड्रोनवर असते, पण या छंदात सर्वांत आधी मोडतो तो ड्रोनच. पैसे टिकतात ते रिमोट आणि गॉगल यांवर खर्च केलेले.

संचातल्या ड्रोनला ब्रश असलेल्या मोटरी होत्या. त्या स्वस्त असतात, परंतु आतले ब्रश, म्हणजे वीज पोहोचवणारे घासते तुकडे, झिजत जातात. तिसऱ्या महिन्यात माझी एक मोटर मंदावली आणि ड्रोन सतत उजवीकडे कलू लागला. त्याहून मोठी अडचण म्हणजे तो उताणा पडला की उठून जाऊन सरळ करावा लागे, आणि दिवाणाखाली गेला तर आईची केरसुणी लागे. ब्रशविरहित मोटरींच्या ड्रोनमध्ये ‘टर्टल मोड’ मिळतो, ज्यात मोटरी उलट्या फिरवून उताणा ड्रोन जागच्या जागी सुलटा करता येतो. ही सोय मला आधी चैनीची वाटली होती, पण एका बॅटरीत आठ-दहा वेळा पडणाऱ्या माणसाला तिची किंमत पहिल्याच संध्याकाळी कळते. अर्थात केस कोणत्याही मोटरीला सोडत नाहीत. लादीवरचा एक लांब केस आसाभोवती गुंडाळला गेला की मोटर कण्हल्यासारखा आवाज करते, आणि मग पंखा उपसून, चष्मा कपाळावर सरकवून, बारीक टोकाच्या चिमट्याने तो वेटोळ्या-वेटोळ्याने सोडवत बसावे लागते.

रिमोटबद्दल माझे मत ठाम आहे : तो सर्वांत आधी घ्यावा आणि ईएलआरएस या रेडिओ प्रणालीचाच (जिच्यावर रिमोट आणि ड्रोन एकमेकांशी बोलतात) घ्यावा. संचातला रिमोट जुन्या प्रणालीवर चालत होता, त्यामुळे पुढे घेतलेल्या ड्रोनशी त्याची जोडणीच होईना. आता माझ्याकडे रेडिओमास्टर पॉकेट आहे. त्याच्या अंगठ्याने हलवायच्या काड्या हॉल सेन्सरच्या, म्हणजे चुंबकाने हालचाल ओळखणाऱ्या, आहेत, त्या काढून मागच्या खाचेत ठेवता येतात, आणि हाताची पकड लहान असूनही बोटे आखडत नाहीत. त्याला 18650 जातीच्या दोन बॅटऱ्या लागतात आणि त्या वेगळ्या घ्याव्या लागतात, हे आधी लक्षात न आल्यामुळे पार्सल आल्यावर मी चार दिवस नुसताच रिमोट न्याहाळत होतो. याच नावाचा वेगळ्या प्रणालीचा प्रकारही विकला जातो, तेव्हा मागवताना ईएलआरएस हा शब्द तपासून घ्यावा. यूएसबीने तो संगणकाला जोडला की लिफ्टऑफ किंवा वेलोसिड्रोन यांसारख्या सिम्युलेटरवर सराव करता येतो, आणि गोव्यातले पावसाळ्याचे चार महिने त्यासाठीच दिले आहेत असे समजायला हरकत नाही. ड्रोनला आपोआप समतोल ठेवणाऱ्या ‘अँगल’ मोडमधून ‘अ‍ॅक्रो’ मोडमध्ये (ज्यात समतोल स्वतःलाच सांभाळावा लागतो) जाण्याचे धाडस तिथेच करावे. तिथे पडलेल्या ड्रोनचा पंखा विकत आणावा लागत नाही.

गॉगलच्या बाबतीत मी अजून 5.8 गिगाहर्ट्झ लहरींवर चित्र आणणाऱ्या अ‍ॅनालॉगवरच आहे. चित्र धूसर असते आणि जांभ्या दगडाच्या जाड भिंतीपलीकडे गेल्यावर त्यात मुंग्या येतात, पण ते टप्प्याटप्प्याने बिघडत असल्यामुळे मागे फिरायला वेळ मिळतो. डिजिटल चित्र निःसंशय देखणे असले तरी त्याचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो. चष्मा लावणाऱ्यांनी खोक्याच्या आकाराचा गॉगल निवडावा.

ड्रोनचा आकार घराकडे पाहून ठरवावा. मोटर ते मोटर 65 मिलिमीटर अंतराचा, 31 मिलिमीटर पंख्यांचा ड्रोन खोल्यांमधून आणि दाराच्या चौकटींतून सहज जातो. 75 मिलिमीटरचा ड्रोन अंगणातल्या वाऱ्यात अधिक स्थिर राहतो, मात्र आमच्या माजघरात तो म्हशीसारखा वाटतो. कोणताही घेतला तरी उडवण्यापूर्वी छताचा पंखा बंद करावा, हे मी दोन फ्रेम गमावल्यावर शिकलो.

बॅटऱ्यांत मात्र काटकसर करू नये. 300 मिलिअ‍ॅम्पिअर-तासांची एक बॅटरी तीन-चार मिनिटे चालते आणि बेताने चार्ज करायची तर तासभर घेते. संचातल्या दोन बॅटऱ्यांत सरावाची संध्याकाळ दहा मिनिटांत आटोपते, म्हणून निदान सहा बॅटऱ्या आणि एकाच वेळी अनेक भरणारा चार्जर घ्यावा. बॅटरीचा प्लग पीएच 2.0 ऐवजी बीटी 2.0 जातीचा असला तर वीज कमी अडते. उच्च व्होल्टेजच्या बॅटऱ्या 4.35 व्होल्टपर्यंत भरतात, उडताना आकडा 3.3 च्या आसपास आला की ड्रोन उतरवावा, आणि बॅटऱ्या ठेवून द्यायच्या असतील तर 3.8 वर आणून ठेवाव्यात. चतुर्थीच्या गडबडीत पूर्ण भरून ठेवलेल्या माझ्या दोन बॅटऱ्या दिवाळीपर्यंत तशाच राहिल्या आणि फुगल्या.

मागवण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर, मोजके अपवाद सोडता, बंदी आहे; सुट्या भागांवर नाही. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरचा स्वस्त संच कस्टममध्ये अडकण्याची शक्यता धरावी आणि भारतातल्या विक्रेत्याकडून घ्यावे किंवा भाग आणून जोडावेत. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिक परवाना लागत नाही. तरीही घराबाहेर उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनविषयक संकेतस्थळावरचा, कुठे उडवायला मनाई आहे ते दाखवणारा नकाशा उघडून पाहावा, कारण दाबोळीला नौदलाचा तळ आहे आणि पेडण्याकडे आता मोपा विमानतळही आहे. माझ्यापुरते म्हणाल तर कुळागरातल्या पोफळींच्या रांगांमध्ये उडवण्याची तयारी चालू आहे, आणि त्यासाठी पंख्यांची चार पाकिटे आधीच मागवून ठेवली आहेत.