बागेतल्या गोगलगायी की घरी वाढवलेल्या? स्किंक-कासववाल्यांसाठी

ब्लू टंग स्किंक (निळ्या जिभेचा सरडा) किंवा बॉक्स टर्टल (एक कासव) पाळणाऱ्याला गोगलगाय चांगलं खाणं आहे हे वेगळं सांगायला नको. प्रश्न एवढाच की आणायची कुठून. मी तिन्ही प्रकार करून बसलोय, म्हणजे बागेतून उचलून आणणं, घरी पैदास करणं आणि डबाबंद, त्यामुळे जे जाणवलं ते लिहितो, तुमचं मत वेगळं असू शकतं.

बागेतल्याचा मोठा फायदा म्हणजे फुकट. पाऊस पडून गेला की रात्री टॉर्च घेऊन जायचं, अर्ध्या तासात मूठभर मिळतात. पण ती गोगलगाय काल काय खाऊन आली हे कुणालाच माहीत नसतं. कुणी मेटाल्डिहाइडच्या, म्हणजे गोगलगायी मारायच्या, गोळ्या टाकल्या असतील तर ते विष तिच्यासोबत आपल्या प्राण्याच्या पोटात जाणार, आणि शेजारी काय टाकतो ते तो आपल्याला सांगायला येत नाही. म्हणून सगळे म्हणतात तसं मीही करायचो, आणून वेगळ्या डब्यात चार आठवडे ठेवायचं, मेलेल्या काढून टाकायच्या, भाजी खायला घालायची. गाजर दिलं की विष्ठा केशरी पडायला लागते, म्हणजे जुनं खाणं बाहेर गेलं हे डोळ्यांना दिसतं, ही युक्ती मला फार आवडायची.

आता माझं घोडं जिथे अडलं ते. दर पावसाला नवीन गोगलगायी यायच्या आणि जुन्यांत एक जरी नवी पडली तरी अख्ख्या डब्याचे दिवस परत शून्यापासून मोजायचे, म्हणून मी प्रत्येक खेपेला वेगळा डबा करून आत तारखेची चिठ्ठी टाकायचो, आणि ह्या बयांनी चिठ्ठ्या खाल्ल्या! खरंच, कागद आवडीने खातात. मग मार्करने झाकणावर बाहेरून लिहायला लागलो तर एका रात्री दोन झाकणं उचलली गेली आणि सकाळी कोण कुठल्या डब्यातली काही कळेना. तीन डबे, तिन्ही बाद. एवढा वैताग कुठल्याच प्राण्याने दिला नाही मला.

आणि हे सगळं करून पोट साफ होतं, जंत नाही. गोगलगाय बऱ्याच चपट्या जंतांची मधली यजमान असते, म्हणजे त्यांचा मधला काळ तिच्या अंगात जातो, शिवाय उंदरांच्या फुप्फुसातला जंत, अँजिओस्ट्राँगायलस, उंदराच्या विष्ठेतून तिच्यात शिरतो आणि तिच्या मांसात बसतो, तो गाजर खाऊन बाहेर येत नाही. हा माणसाच्या मेंदूपर्यंत जातो, त्यामुळे प्राण्याचं राहू दे, तुम्ही स्वतः ग्लोव्ह्ज घाला आणि हात साबणाने धुवा. काही जण तीन ते पाच मिनिटं उकळून देतात, ते जंतांसाठी ठीक, पण गोळ्यांचं विष त्याने जाईल ह्या भरवशावर मी तरी राहणार नाही.

घरच्या पैदाशीत सुरुवातीला बागेतल्याच चार-पाच आणल्या तरी चालतात, फक्त त्या आपल्या प्राण्याला द्यायच्या नाहीत, अंडी घेऊन पिल्लं वेगळ्या स्वच्छ मातीत वाढवायची. हे जंत अंड्यातून पुढे जात नाहीत, बाहेरून लागतात. साधी बागेतली गोगलगाय एका वेळी 80 च्या आसपास अंडी घालते, दोन ते चार आठवड्यांत फुटतात. खाली ओलसर माती, कॅल्शियमसाठी एक कटलबोन (कटलफिशचं हाड), उरलेली भाजी, झालं. कंटाळवाणं एवढंच की वाटाण्याएवढी व्हायला माझ्याकडे दोन-तीन महिने गेले, आणि जास्तीची अंडी फ्रीझरमध्ये टाकावी लागतात, बाहेर सोडायची नाहीत. आफ्रिकन मोठी गोगलगाय मात्र ह्यासाठी आणू नका, कितीतरी देशांत ती पाळायलाच बंदी आहे. पण तारखा मोजायच्या नाहीत हो! डब्यात जी दिसेल ती द्यायची, ह्या एका सुखासाठी मी बाकी सगळं सोसतो.

डबाबंद वाईट नाही, शिजवलेल्या असतात, पण मी आणलेल्यात शंखच नव्हता आणि कॅल्शियम तर शंखातच, मग वरून पावडर भुरभुरायची. माझ्या स्किंकने पहिल्यांदा हुंगून तोंड फिरवलं, चिमट्याने हलवून दाखवल्यावर खाल्लं. घरच्या गोगलगायींची पिल्लं मोठी होईपर्यंत हाच डबा वापरला, उघडल्यावर उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून एकेक काढत होतो.