बावा की भैया? तेलुगू सिनेमा डब बघावा की मूळ

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला पडतो तसा सोलापूरकराला पडत नाही. पुण्या-मुंबईवाल्यांसाठी तेलुगू म्हणजे टीव्हीवर दुपारी चाललेली मारामारी. आमच्यासाठी ती भिंतीपलीकडची भाषा. साखर पेठेत, दाजी पेठेत यंत्रमागाच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलली जाणारी, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथामागून चालणारी. मी मराठी घरातला. माझी तेलुगू भाजी घेण्यापुरती आणि शेजारचं भांडण कशावरून चाललंय ते कळण्यापुरती. त्यामुळे सिनेमा लावताना मलाही ठरवावं लागतं, हिंदी डब की मूळ तेलुगू आणि खाली सबटायटल्स.

डबिंगला नाकं मुरडणाऱ्यातला मी नाही. 'बाहुबली'त प्रभासला हिंदी आवाज शरद केळकरांचा, 'पुष्पा'त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेंचा. दोघंही आपलेच, आणि दोघांनी काम असं केलंय की ओठ जुळतात का हे बघायचं भान राहत नाही. शिवाय जेवताना सिनेमा बघायचा तर डबच बरं. कडक भाकरी मोडून शेंगाचटणीत तेल कालवेपर्यंत सबटायटलच्या चार ओळी निघून गेलेल्या असतात.

सबटायटल्सचे ताप वेगळे. एक तर ती बहुतेक वेळा इंग्रजीत, म्हणजे आमच्या आईला त्यांचा उपयोग शून्य. पांढरी अक्षरं नेमकी हिरोच्या पांढऱ्या धोतरावर येतात. विनोद कानावर पडायच्या आधीच वाचून होतो, मग आपण आधी हसतो आणि नट नंतर बोलतो. नजर खाली गेलेली असताना वर डोळ्यांनी केलेला अभिनय हुकतो, तो हुकतोच.

एवढं सगळं असून मी मूळ भाषेकडे वळलो ते एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीवरून.

घरी एक डब सिनेमा लागला होता. कौटुंबिक, लग्नाघरचा. शेजारच्या अक्का वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहून बघू लागल्या. पडद्यावरची मुलगी एका मुलाला लाजत "भैया" म्हणाली, आणि पुढच्याच प्रसंगात घरात दोघांच्या लग्नाची बोलणी सुरू. अक्का हसून खालीच बसल्या. "अवो, भैयाशी लगीन लावतात का कुठं? बावा म्हणली असंल ती!"

बावा म्हणजे बहिणीचा नवरा, तसाच आतेभाऊ-मामेभाऊही, ज्याच्याशी लग्न होऊ शकतं तो. त्या एका शब्दात चिडवणं, हक्क, लाज सगळं आलं. उत्तरेकडे अशी सोयरीक सहसा होत नाही, त्यामुळे हिंदीत त्याला नेमका शब्दच नाही. डबिंग करणाऱ्यानं तरी काय करावं? पण आपल्याकडे मामाची मुलगी करून घेणं काही नवलाचं नाही. तेलुगूत मामालाही 'मामय्या' आणि सासऱ्यालाही 'मामय्या', तर आपल्याकडची सून कालपरवापर्यंत सासऱ्याला मामंजीच म्हणत होती. त्यांची 'वदिना' ऐकली की आपल्याला वहिनी आठवते. अक्का आणि अण्णा तर दोन्हीकडे तेच. हे सगळं आपल्याला फुकटात कळण्यासारखं, आणि आपण ते हिंदीतून घेतो. म्हणजे साखर पेठेतून दाजी पेठेत जायला दिल्लीवरून वळसा.

सबटायटल्सही चुकतात, नाही असं नाही. बावाचं तिथे काय होतं ते विचारूच नका. पण खाली काहीही लिहिलेलं असो, मूळ शब्द कानात पडलेला असतो. डबमध्ये तो पुसलेलाच असतो. हा फरक एकदा जाणवला की मग जीजाजी, भाभी, भैया प्रत्येक वेळी दाताखाली खडा आल्यासारखे लागतात. कदाचित माझाच कान आता नको तेवढा तिखट झाला असेल.

बोलीचंही तेच. 'पुष्पा'त अल्लू अर्जुन चित्तूरकडची तेलुगू बोलतो, हैदराबादची नाही. मला त्यातले बारकावे कळत नाहीत, पण हा माणूस शहरातला नव्हे, हे कानाला कळतं. आमच्या जिल्ह्यातल्या करमाळ्याची बोली 'सैराट'मधून काढून तिथे सदाशिव पेठ घातली तर काय उरेल, ते सांगायला नको.

निव्वळ हाणामारीचा सिनेमा असेल, घरात लहान मुलं असतील, तर खुशाल डब लावा, काही बिघडत नाही. लग्न, भाऊबंदकी, गावकी असलं काही असेल तर मात्र एकदा मूळ लावून बघा. पहिली वीस मिनिटं जड जातात, निदान मला गेली.

आमच्याकडे आई जागी असेपर्यंत हिंदीच चालतं. अक्का आल्या की मूळ लागतं, आणि सबटायटल्स त्या स्वतःच सांगतात, मोठ्यानं, गाणी चालू असतानासुद्धा.