गियर बदलला म्हणाला आणि माझाच जुना गियर उलटा करून बसवला

नाशिकमधे आरसी (रिमोटवर उडणारी) हेलिकॉप्टर उडवणारे आपण मोजकेच, म्हणून हे लिहितोय, तुमचे तरी पैसे वाचावेत.

माझं ४५० साइजचं आहे, सेकंडहँड घेतलेलं. दिवाळीनंतर त्यातनं करकर आवाज यायला लागला. मोटरच्या शाफ्टवरचा छोटा पिनियन प्लास्टिकच्या मोठ्या मेन गियरला फिरवतो, माझ्यात पिनियन १३ दात्यांचा आणि मेन गियर १५० चा. मेन गियरचे दाते एका अंगाने झिजले होते. पार्ट मागवायचा म्हणून मी ते मोजले आणि सुरुवात केली तिथे वरच्या बाजूला मार्करने काळा ठिपका दिला, तोच पुढे कामाला आला.

इंदिरानगरला एक जण घरीच रिपेरिंग करतो असं कळलं, गेलो. बोलायला गोड, चहा पाजला. "दादा पिनियन पण गेलाय, मोटरचं बेअरिंग पण, सगळं ओरिजिनल टाकतो, पिनियन हार्ड स्टीलचा." ३,८०० सांगितले, २,००० आधी घेतले, बिल मागितलं तर "आपल्यात कशाला बिल" म्हणाला आणि मी गप्प बसलो. घ्यायला गेलो तेव्हा जुने पार्ट विचारले तर म्हणे फेकून दिले.

आवाज खरंच कमी झाला होता. मखमलाबादच्या पुढे मोकळ्या रानात नेलं, पुतण्या सोबत. दुसऱ्याच बॅटरीला दहा-बारा फुटांवर घर्रर्र झालं आणि मशीन सरळ खाली. टेल बूम (शेपटीची नळी) मोडला, शाफ्ट वाकला, ब्लेडचा तुकडा पुतण्याच्या बाजूने उडाला. ३२५ मिमीचे ब्लेड मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे मारतात हो, पोरगं लांब उभं होतं म्हणून, नाहीतर मला विचारच करवत नाही. मोटरवर बोट ठेववत नव्हतं इतकी तापलेली.

घरी खोललं तर ठिपका खालच्या बाजूला! माझ्या मॉडेलचा गियर सपाट आहे, उलटा पण बसतो, आणि उलटा केला की दात्यांचं न झिजलेलं अंग पिनियनला लागतं त्यामुळे थोडे दिवस आवाज येत नाही. पण दाते तर आधीच बारीक झालेले, मग गियर ढिला वाटू नये म्हणून त्याने मोटर पुढे दाबून घट्ट बसवलेली, त्यानेच मोटर तापली आणि दाते सोलले. "स्टीलचा" पिनियन कानशीने जरा घासला तर आत पिवळं पितळ. पिनियनला शाफ्टवर धरून ठेवणारा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर नव्हताच, स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावतात त्या थ्रेडलॉकचा थेंब पण नाही. बेअरिंग बदललं की नाही देव जाणे. फोन केला तर "तुम्हाला उडवता येत नाही" म्हणाला आणि नंतर ब्लॉक.

आता गियर मीच बसवतो, अवघड नाहीये. आधी ब्लेड काढायचे आणि मोटरच्या ३ वायरी सोडवायच्या, हे विसरू नका. पिनियन आणि गियरच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर टेकवायची, स्क्रू आवळायचे आणि गियर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर घड्या पडल्या पाहिजेत, फाटली तर घट्ट झालंय. मग गियर हाताने हलवून बघायचा, किंचित ढिलाईची टकटक लागली पाहिजे, आणि हे चार-पाच ठिकाणी बघा कारण प्लास्टिकचा गियर कधीकधी पूर्ण गोल नसतो.

कोणाकडे द्यायचंच असेल तर आतल्या पार्टवर खूण करा, फोटो काढा, आणि जुने पार्ट हातात आल्याशिवाय बाकीचे पैसे देऊ नका. माझा तो गियर डब्यात ठेवलाय, ठिपका अजून दिसतो, रविवारी सकाळी रानात कोणी आलं तर दाखवतो.