आधी घारी पाहाव्यात की बुराडी?

दोन्ही माहितीपट उत्तर दिल्लीतलेच, दोन्ही गाजलेले. पण शनिवारी रात्री एकच पाहायचा असेल, तर शौनक सेन यांचा घारींवरचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (2022) लावायचा की लीना यादव यांची तीन भागांची ‘हाउस ऑफ सीक्रेट्स: द बुराडी डेथ्स’ (2021)?

बुराडीची घटना 1 जुलै 2018 ची. एकाच घरातली 11 माणसं मृतावस्थेत सापडली. कॅमेरा पोहोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. म्हणून शेजारी, नातेवाईक, पोलीस, पत्रकार यांच्या मुलाखती, बातम्यांतली दृश्यं आणि घरात मिळालेल्या वह्या यांतूनच गोष्ट उभी राहते. ओटीटीवर सध्या याच साच्याची चलती आहे. भाग संपताना एक धागा मोकळा ठेवायचा, म्हणजे आपण पुढचा लावतोच. पहिल्या भागात ही ओढ मला जरा जास्तच वाटली. पण पुढे ‘कोणी केलं?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘इतकी वर्षं कोणालाच कसं कळलं नाही?’ हा समोर येतो. घरातल्या माणसाचं मन आजारी असू शकतं, हे आपल्याकडे बोललंच जात नाही. त्या गल्लीत वाहिन्यांनी मांडलेला तमाशाही मालिका दाखवते. तेवढ्यासाठी ती कधीतरी पाहायलाच हवी.

घारींचं काम वेगळं. वजीराबादच्या एका तळघरात नदीम आणि सौद हे भाऊ, जोडीला सालिक, जखमी घारींवर उपचार करतात. त्यांचा साबणाच्या डिस्पेन्सरचा धंदाही तिथलाच. पक्ष्यांच्या एका दवाखान्याने घार मांसाहारी म्हणून नाकारली होती, तिथून हे सुरू झालं. सेन यांचा कॅमेरा काही वर्षं त्यांच्यासोबत राहिला. सुरुवातच बघा: रात्रीच्या मोकळ्या मैदानात कॅमेरा जमिनीलगत सावकाश सरकतो आणि अंधारातली उंदरांची लगबग हळूहळू दिसू लागते. काय बघायचं ते सांगणारा निवेदक नाही. त्या काळातला दिल्लीतला तणावही बऱ्याचदा बाहेरून येणाऱ्या आवाजांतूनच घरात शिरतो. सनडान्स आणि कान या दोन्ही चित्रपट महोत्सवांत पुरस्कार, वर 2023 मध्ये ऑस्करचं नामांकन. तरी मला मोठं वाटतं ते हे थांबून बघणं.

फोन चाळत बुराडी समजते, घारी नाही समजत. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, मन खचलेलं असेल, तर मात्र बुराडी आत्ता नकोच. आणि स्वतः माहितीपट करायला निघाला असाल, तर आधी हे तपासा: तुमची गोष्ट घडून गेली आहे की अजून घडते आहे? घडून गेली असेल तर मुलाखतींवाचून गत्यंतर नाही. घडत असेल तर त्या माणसांच्या घरी जाऊन बसा, कॅमेरा नंतर काढा.

माझं मत घारींना. वेळही दीड तासाचाच लागतो. संक्रांतीला मांज्यात अडकलेला पक्षी कधी हातात घेतला असेल, तर पुठ्ठ्याच्या खोक्यातून डोकावणारी ती घार तुम्हाला लगेच ओळखीची वाटेल.